हरकत

म्हातारीचा मुलगा दारातून आत आला आणि सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. म्हातारी मात्र ताठ बसून राहिली. तिनंच त्याला बोलावलं होतं.

न्यायाधीशांची खोली लहानशी. टेबल, भिंतीला टेकवलेलं बाक, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. बाकावर पलीकडे सुनेचा दुसरा नवरा, त्याच्या शेजारी सून, मग नात, आणि अलीकडच्या टोकाला म्हातारी. वकील कोणी नव्हता. सुनेचा हा नवरा किल्ल्या बनवायचा. "कुलूप समोर ठेवा, किल्ली मी बनवतो. अर्ज म्हणजे त्याहून काय अवघड?" असं म्हणून बायकोच्या पोरीला दत्तक घ्यायचा अर्ज त्यानं स्वतःच केला होता. कोर्टातल्या अर्जाच्या खिडकीवरच्या बाईंनी त्याला किती वेळा माघारी पाठवलं. शिक्का चुकीच्या जागी, फोटोत पोरगी हसतेय. तो दुरुस्त करून पुन्हा रांगेत उभा.

म्हातारी लाँड्री चालवायची. तिचा मुलगा बायको आणि तान्ही पोर टाकून निघून गेला, तो काडीमोडाच्या सहीपुरता उगवला. तेव्हा तिनंच कंबर कसली आणि सुनेचं दुसरं लग्न लावून दिलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली, तर म्हणाली, "नाकं तुमची, खुशाल मुरडा. लेक माझी आहे, मी देतेय." किल्लीवाल्याला ती जावईबापू म्हणे. तिघं तिच्याच लाँड्रीमागच्या खोल्यांत राहायची. पोरगी त्याला बाबा म्हणायला लागली, तेही म्हातारीनं गोड मानून घेतलं.

साक्षीदार व्हायचंही तिनं आपण होऊन कबूल केलं होतं. मुलगा घरी फिरकत नाही, पोरीला विचारत नाही, एवढंच सांगायचं होतं. पण बापाला नोटीस द्यावी लागते, आणि बापाचा शेवटचा पत्ता म्हणजे तिचंच घर. कोर्टाचा माणूस लाँड्रीच्या दारावर नोटीस डकवून गेला. जाता जाता सहज म्हणाला, "हुकूम झाला की बापाकडचं सगळं गणगोत सुटलं, आजी. कायदाच तसा आहे."

इस्त्री तिच्या हातात तशीच राहिली. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचा खांदा करपला. मागच्या खोलीतून त्या दोघांचं हसणं ऐकू येत होतं. म्हणजे यांना हे ठाऊक होतं. ठाऊक असून माझ्याच तोंडून साक्ष वदवून घेणार होते. माझ्याच घरात राहून माझाच केसानं गळा कापला. तिनं त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. विचारायला जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. ओळखीपाळखीतून खणून तिनं मुलाचा नंबर काढला.

आता तो टेबलाची कड धरून उभा होता. नातीकडे बघून म्हणाला, "ही का ती? उंच झाली."

न्यायाधीशांनी विचारलं, "दत्तक द्यायला तुमची हरकत आहे?"

"हरकत कसली? होऊन जाऊ द्या. पुढे हिच्या खर्चाला मी बांधलेला राहत नाही ना, तेवढं सांगा."

"नाही राहत."

"मग सही कुठे करू?"

ज्याच्या जिवावर म्हातारी इथवर आली होती, तो कारकुनाकडे पेन मागत होता.

"तुम्हाला तर नोटीस मिळालीच नव्हती," न्यायाधीश म्हणाले. "आजची तारीख कोणी सांगितली?"

"आईनं. ये आणि मोडता घाल म्हणाली. फोनवर भांड भांड भांडली. म्हटलं, जाऊन एकदाचं मिटवून टाकू." सही करून तो गेला. दार उघडंच टाकून गेला.

सून वळली. "आई, तुम्ही?"

"हो, मीच. माझी नात माझ्यापासून तोडायला निघालात, तेव्हा मला कोणी विचारलं होतं?"

"तोडायला? काय बोलताय तुम्ही?"

किल्लीवाला उभा राहिला. आता हा चारचौघांत आपली शोभा करणार, म्हणून म्हातारीनं मान आणखी ताठ केली. पण तो तिच्याकडे वळलाच नाही.

"साहेब, आई म्हणतात ते खरं आहे? आजीचं नातं तुटतं?"

"कायद्यानं, हो. वकील असता तर त्यानं आधीच सांगितलं असतं."

किल्लीवाला बोटांच्या पेरांत रुतलेला लोखंडाचा कीस अंगठ्यानं चोळत राहिला. मग म्हणाला, "पोरीबरोबर यांनाही दत्तक घेता येईल का?"

कारकून खुदकन हसला. न्यायाधीश हसले नाहीत. "म्हाताऱ्या माणसांना दत्तक घेत नाहीत हो."

"मग अर्ज मागे घ्यायचाय, साहेब. कुठल्या खिडकीवर जाऊ?"

सुनेनं त्याला बाही धरून खाली ओढलं नाही. नात सरकून आजीला चिकटली.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "साक्षीदार अजून राहिल्यात." त्यांनी म्हातारीकडे पाहिलं. "तुम्ही या मुलीच्या कोण?"

तिनं नातीचा हात हळूच सोडवला आणि उभी राहिली.

"कोणी नाही, साहेब. तसं लिहून घ्या, आणि या वेड्याला त्या खिडकीकडे फिरकू देऊ नका."