पिवळा ठिपका

आज भांडायचेच, असे ठरवून निशिगंधा खोतकाकांच्या घरी आली. काकांच्या मनगटावरचा पट्टा रक्तातला एकटेपणा मोजत असे. वर्षभरापूर्वी ती प्रथम आली तेव्हा तो तांबडा होता आणि काकांनी अन्नावरची वासनाच सोडली होती. अशा एकट्या माणसांना सोबत पुरवायला सरकारपाशी आगाऊ पैसा नव्हता. तो खासगी गुंतवणूकदारांनी घातला, म्हणून तिच्या पगारी भेटी सुरू झाल्या. काका त्यामुळेच जगले, हे तिला नाकारता येत नव्हते. पण पट्टा पूर्ण हिरवा झाला की उद्दिष्ट साध्य, गुंतवणूकदारांना सरकारकडून परतावा आणि भेटी कायमच्या बंद. आता हिरव्याच्या कडेला एक पिवळा ठिपका तेवढा उरला होता. तो टिकवायचा, तर काकांना थोडे दुखवायलाच हवे होते.

तिने मुद्दाम अळणी पिठले वाढले. नंतर कॅरम खेळताना राणी मुठीत लपवली.

"चोरटे, राणी काढ," काका म्हणाले.

"नाही काढत. या वयात तरी हरायला शिका, काका."

"आणि ते पिठलं? भिंत सारवायला केलं होतंस का?"

"नसेल आवडत तर उपाशी राहा."

काका डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "तुझी काकू गेल्यापासून माझ्याशी असं कुणी भांडलंच नव्हतं गं."

निशिगंधाने मनगटाकडे पाहिले. तेल सरलेल्या वातीसारखा तो ठिपका मंदावत होता. चडफडत तिने पट्ट्यावर तळहात दाबून धरला.

"उद्या मीठ मी घालीन," काका म्हणाले, "मग भांडू."

तिच्या बोटांच्या फटींतून हिरवा उजेड झिरपत राहिला.