चुलीपुढची फ्रेम
आळेफाट्याच्या मेडिकलमध्ये गरोदर बाईनं सासूच्या गुडघेदुखीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं. “माझ्या कंबरंला चालंल ना, भाऊ?” “चालंल काय, पळंल!” चिठ्ठी न मागताच सुदर्शननं नवं पाकीट सरकवलं. लेकीला कडेवर घेऊन डबा द्यायला आलेल्या त्याच्या भावजयीनं, वृषालीनं, ते हिसकावलं. “ताई, अशा दिवसांत ही गोळी बाळाला बाधते. डॉक्टरांकडं जा.” बाई गेली तसा दीर खवळला. “गिऱ्हाईक हाकलता? वहिनी, तुमी चुलीपुढं बसा. दुकान माझं हाय.” “आणि परवाना कुणाच्या शिक्षणावर?” फार्मासिस्ट हजर नसेल तर औषध विकायचं नाही, असा कायदा, पण लग्नापासून तिचं प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर आणि ती स्वयंपाकघरात. तिनं लेकीला त्याच्याच हातात दिलं, स्टुलावर चढून फ्रेम उतरवली. “कुठं चालवली ती?” “चुलीपुढं,” ती म्हणाली. “शटर ओढा, भाऊजी.”