जाड टोकाचा मार्कर

२०१४चा ऑगस्ट. टीव्हीवर गाझाचं युद्ध चालू होतं आणि ओमानमधल्या सलालाहच्या एका भारतीय शाळेत प्रिन्सिपॉलसाहेबांना ॲटलासची काळजी लागली होती. कुणी काही म्हटलं नव्हतं, पण उद्या एखाद्या पालकाला नकाशात इस्राएल दिसलं तर? काम अर्थातच लायब्ररीतल्या देविकाकडे आलं. ती पुण्याची, हातात घेतलेलं काम चोख करणारी. बेचाळीस ॲटलास, पान एकोणतीस. देश नखाएवढा, त्यात नाव मावेना म्हणून ते शेजारच्या समुद्रात छापलेलं. तिने दोन्हींवर काळा मार्कर फिरवला आणि एक रेघसुद्धा जॉर्डनमध्ये जाऊ दिली नाही. सीमारेषेचा एवढा मान त्या भागात आजवर कुणी राखला नसेल.

दुसऱ्याच दिवशी अरबी शिकवणारे नबीलसर ॲटलास मागायला आले. ते मूळचे पॅलेस्टिनी, त्यामुळे देविकाने मोठ्या उत्साहाने पान एकोणतीस उघडून त्यांच्यापुढे धरलं.

"बघा सर, एकाही प्रतीत ठेवलं नाही. तुम्हाला बरं वाटेल."

सरांनी पान उजेडात धरलं, उलटून मागूनही पाहिलं. मग त्या काळ्या डागावर बोट ठेवलं.

"वर्गातल्या मुलांना माझ्या आजोबांचं गाव दाखवायचं होतं," ते म्हणाले. "ते याच्याखाली आहे."

देविकाने ड्रॉवर उघडून ब्लेड काढलं.

"नेमकं कुठे ते सांगा सर. तेवढंच खरवडून देते."