पाळलेली तितरी

तितरी काही केल्या बोलत नव्हती.

धावड्याच्या डोंगरावर आत्ताशी उजाडलं होतं. तरवडाच्या झुडपाआड रखमाजी पोटावर पडून होता, शेजारी त्याचा जावई सर्जेराव. समोरच्या मोकळ्या जागेत पिंजरा होता आणि पिंजऱ्याभोवती घोड्याच्या केसांचे फासे. पाळलेल्या तितरीनं साद घातली की आपल्यातलंच कुणी बोलावतंय म्हणून रानातलं तितर धावत येतं आणि फाशात पाय अडकवून बसतं. खेळ एवढाच. पण त्याला तितरी बोलायला हवी.

"मामा, मुकी हाय का काय तुमची तितरी?"

"बोलंल, पाव्हणं. कालपासून दाणा न्हाई टाकला तिला. भुकेली असली म्हंजे बोलतीच."

बोलला खरा, पण रखमाजीची स्वतःचीच खात्री नव्हती. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, आणि हा ग्रह दिवाळीपासून वक्री होता. थोरली बेबीनंदा तेव्हापासून माहेरी पडून होती. लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलला नाही. "पोराची दुसरी करू," असं विहीणबाईनं चार माणसांत सांगून तिला धाडून दिलं होतं. रखमाजीनं जालन्याला खेटे घातले. मस्तगडातल्या जावयाच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. कुणी पाण्याला विचारलं नाही. अडला हरी म्हणतात तसं झालं, ज्याचे धरू नयेत त्याचे पाय धरून झाले.

आणि काल जावई आपण होऊन दारात उभा राहिला. घरी न्यायचं की नाही ते बोलला नाही. फक्त म्हणाला, तितराचं मटण खाऊन लई दिवस झाले. त्यानं वाघिणीचं दूध मागितलं असतं तरी रखमाजी चरवी घेऊन निघाला असता.

"धाकली काय करून राह्यली आता?" सर्जेरावानं हळूच विचारलं.

"शिवकन्या? धाव्वीचे पेपर दिले की आत्ताच."

"लई उंच झाली."

"वाढत्या वयाची हाय," रखमाजी म्हणाला. त्याचं सारं ध्यान पिंजऱ्याकडं होतं.

तेवढ्यात तितरी बोलली. आधी घशातल्या घशात, मग मान उंचावून, डोंगर दणाणून सोडत. पळसाच्या ओळीतून उलट साद आली. तितरीनं पुन्हा बोलावलं. साद जवळ आली, आणखी जवळ आली. गवतातून एक कोवळं तितर बाहेर आलं, थबकलं आणि इकडंतिकडं पाहून थेट पिंजऱ्याकडं पळत सुटलं.

"हिला कळत न्हाई का मामा, आपल्या आवाजावर दुसरं फसतंय म्हणून?"

"कळत आसंल," रखमाजी म्हणाला. "पन पिंजऱ्यातलीनं करावं काय?"

फासा आवळला. धुरळा उडाला, पंखांची फडफड झाली. रखमाजी उठून धावला आणि त्यानं उपरण्याखाली पाखरू दाबलं. सर्जेरावानं खूश होऊन हसत मांडीवर थाप मारली. त्याला इतकं मोकळं हसताना रखमाजीनं लग्नानंतर आजच पाहिलं. सासऱ्याला धीर आला. कमरेच्या डबीतून त्यानं मूठभर वाळवी, तितरांचा आवडता खाऊ, काढली आणि पिंजऱ्यात टाकली.

"घे," तो म्हणाला. "खा आता."

तितरी अधाशासारखी टिपू लागली. फाशातल्या पाखराकडं तिनं पाहिलं नाही. सर्जेराव मात्र बराच वेळ तिच्याकडं पाहत राहिला.

घरी चुलीवर रस्सा रटरटू लागला. गोजरबाईनं नवऱ्याला बाजूला घेतलं.

"काल ओसरीवर दोघं नवराबायको बोलत बसली व्हती. तवापासून बेबीनं अन्नाला हात न्हाई लावला. काय म्हनं विचारलं, तर काही न्हाई म्हन्ती."

"जायाच्या आनंदानं आसंल," रखमाजी म्हणाला. त्याला तसंच वाटून घ्यायचं होतं.

पुरुषांची ताटं वाढली. सर्जेराव सावकाश जेवला, हाडं चोखून चोखून जेवला. शेवटी म्हणाला, "दुपारच्या गाडीनं निघतो, मामा. बेबीला घेऊन जातो."

रखमाजीचे डोळे भरून आले. गोजरबाईनं चुलीपुढूनच जांबच्या समर्थांना हात जोडले. सर्जेरावानं मान वळवून दाराकडं पाहिलं. एकदाच. दाराला टेकून बेबीनंदा उभी होती.

"बाबा," ती जमिनीकडं बघत म्हणाली, "शिवकन्येला धाडा माझ्यासंगं. चार दिस. मला एकटीला करमत न्हाई तिथं."

इतक्या वर्षांत करमत नाही असं ती एकदाही म्हणाली नव्हती. पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा आवाज होता. पण आतून शिवकन्या नाचतच आली. तिच्या हातात पिशवी होती, तिच्यात नवा ड्रेससुद्धा भरून झाला होता.

"जाऊ का बाबा? ताई बोलवून राह्यली न मला."

रखमाजीला काहीतरी खटकलं. काय ते त्याला धड कळेना. नाही म्हणावं तर ग्रह पुन्हा फिरायचा आणि थोरली जन्माची दारात बसायची. सगळे त्याच्याच तोंडाकडं बघत होते. जावईसुद्धा.

"जा," तो म्हणाला. "चार दिसांचं काय."

शिवकन्या शेजारी सांगायला पळाली. सर्जेरावानं बोटं चाटली. ताटात त्यानं तंगडीचा एक तुकडा राखून ठेवला होता. ते उष्टं ताट त्यानं बेबीनंदापुढं सरकवलं.

"घे," तो म्हणाला. "खा आता."