चौथी प्रत

बॅकअप न घेता रडत येणाऱ्या गिऱ्हाइकांची कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला किळस यायची. या बाईंनी तर दिवंगत आईच्या एकुलत्या एका फोटोच्या तीन डिस्कवर तीन प्रती ठेवल्या होत्या. तरीही त्यांची तक्रार ऐकून तो हसलाच.

"मूळ फोटोत आई खुर्चीत पाठमोरी बसलीय," बाई म्हणाल्या. "प्रत्येक प्रतीत ती थोडी थोडी वळते."

"काहीतरीच काय, ताई! कुठल्या अडाण्यानं सांगितलं?"

त्याने तिन्ही प्रती उघडल्या. तिसरीत म्हातारी थेट त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हीच खेळ केलाय," म्हणत त्याने स्वतःच्या डिस्कवर चौथी प्रत काढली.

तिच्यात खुर्ची रिकामी होती.

बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या पाठीमागे बघत होत्या.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "जाऊ दे, रागावू नकोस त्यांच्यावर."