धुराचा वाटा

यंत्राच्या काचेआड कुमुदच्या फुप्फुसाचा इवलासा तुकडा गरगरत होता आणि तिच्या शेजारी बसलेले तिचे पती, हरिहर सामंत, काचेवरून नजर हलवत नव्हते. गाठ धुराने झाली की जमिनीतून घरात झिरपणाऱ्या रेडॉन वायूने, हे हल्ली पेशीच सांगून टाकत असे. तिच्यापुढे कुणाची वकिली चालत नसे.

वर्षभर सामंतांनी एकच हेका धरला होता, "आमच्या घराखालचा खडकच वाईट." मेव्हणा मात्र तोंडावर म्हणाला होता, "भावोजी, खडकावर खापर फोडू नका. ताईने उभ्या जन्मात सिगारेट ओढली नाही. ओढल्यात त्या तुम्ही."

यंत्र थांबलं. डॉक्टर फर्नांडिसबाईंनी पडद्यावरचा निकाल वाचला.

"धुराचा वाटा शून्य. सगळं काम रेडॉनचं."

सामंतांनी एवढ्या जोरात श्वास सोडला की कुमुदने वळून पाहिलं. "बघ, मी म्हणत नव्हतो?" त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं, मी घरात कधी ओढलीच नाही. कायम अंगणात!"

"पण काकी, हा वायू वाऱ्याने निघून जातो," फर्नांडिसबाई गोंधळून म्हणाल्या. "तुमच्याकडे एवढा साठला कसा? खिडक्या उघडत नव्हता का?"

सामंतांचा हात खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाकडे गेला आणि तिथेच थिजला.

"कशा उघडणार?" कुमुद म्हणाली. "अंगणातून सारखा धूर यायचा ना."