बाईंची तर्जनी

मिरजेजवळच्या एका अंधशाळेत इंदुमतीबाई साबळे बावीस वर्षं मराठी शिकवत होत्या. त्या स्वतः जन्मांध. वर्षभरापूर्वी तर्जनीखालचे ब्रेलचे उंचवटे त्यांना सपाट वाटू लागले. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. धडे पाठ होते. पुस्तकावरून बोट फिरवत त्या ते म्हणून दाखवायच्या. हातांना मुंग्या येऊन अंगठा आणि मधलं बोटही बधिर झालं, तेव्हा कुठे त्या डॉक्टरांकडे गेल्या.

“दोन्ही मनगटांत नस दबली आहे,” सोनोग्राफी करून डॉक्टर म्हणाले. “एरवी ही नस एकच असते. तुमची जन्मतःच दोन फाट्यांची आहे, आणि मधून एक जादा रक्तवाहिनी जाते. जागा मुळातच अपुरी. ऑपरेशन करू, पण फार उशीर केलात.”

“पुन्हा वाचता येईल?”

“या बोटांचं सांगता येत नाही. करंगळीची नस वेगळी असते. ती शाबूत आहे.”

ऑपरेशननंतर मुंग्या थांबल्या, पण स्पर्श परतला नाही. चार महिने बाई घरी करंगळीनं एकेक अक्षर लावत बसल्या. मग सातवीच्या वर्गात गेल्या.

“ऑपरेशनआधी वर्षभर मी वाचत नव्हते,” त्या म्हणाल्या. “पाठ म्हणत होते. तुम्हाला फसवलं मी.”

रेणुका नावाची मुलगी म्हणाली, “आम्हाला माहीत होतं, बाई. पान उलटायचा आवाज भलत्याच ठिकाणी यायचा.”

बाईंनी करंगळी पानावर टेकवली आणि पहिला शब्द वाचला. तो चुकला. रेणुकानं हळूच बरोबर शब्द सांगितला.